कातळ पुन्हा हिरवा होतो तेव्हा

१८ मार्च १९६७ रोजी सकाळी, स्वच्छ उजेडात, ‘टोरी कॅन्यन’ हा तेलवाहू टँकर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर चढला. त्याच्या टाक्यांत कुवेतचं सुमारे १,१९,००० टन कच्चं तेल होतं आणि ते वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात उतरवायचं होतं. पुढचे दहा-बारा दिवस काय करावं हे कुणालाच नीट सुचेना. शेवटी ब्रिटिश सरकारनं लढाऊ विमानं पाठवून आपल्याच किनाऱ्यासमोर फुटलेल्या या जहाजावर बाँब टाकले. उरलेलं तेल जाळून टाकावं, हा त्यामागचा विचार. तोवर बरंच तेल वाऱ्या-प्रवाहानं कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्याला लागलं होतं. अंदाज आहे १४,००० टनांचा.

ईस्टरची सुट्टी तोंडावर आलेली. कॉर्नवॉलचा निम्मा संसार पर्यटकांवर चालतो. काळा, चिकट किनारा घेऊन उन्हाळ्याला सामोरं जाणं परवडण्यासारखं नव्हतं. मग सैन्य, अग्निशमन दल आणि गावोगावचे स्वयंसेवक पिंपंच्या पिंपं डिटर्जंट घेऊन खडकांवर उतरले. हे डिटर्जंट म्हणजे घरातला साबण नव्हे. जहाजांच्या इंजिनखोल्या धुवायला वापरायचं ते रसायन, आणि त्यातला द्रावक तर तेलाहूनही विषारी. सुमारे १०,००० टन माल वापरला गेला. १४,००० टन तेलावर १०,००० टन औषध, हा हिशेब आज वाचतानाही अंगावर येतो.

खडक स्वच्छ झाले. तेल गेलं, आणि खडकावर जे काही जगत होतं त्यातलं बहुतेक सगळंही गेलं. काही आठवड्यांतच तिथे हिरवी झाक दिसू लागली. उन्हाळाभर ती दाटत गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत पूर्वी जे कातळ करडे, खरबरीत, जवळजवळ उघडेच असायचे, ते तपकिरी शेवाळाखाली पार झाकून गेले. किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या माणसाला वाटावं, निसर्गानं किती झपाट्यानं भरून काढलं!

प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या लोकांना मात्र ही हिरवळ बघून धडकीच भरली असणार. त्यांच्यापैकी ॲलन साउथवर्ड हे पन्नासच्या दशकापासून कॉर्नवॉलच्या खडकांवरचे प्राणी मोजत आलेले. अपघाताच्या आधी कुठल्या खडकावर काय होतं, किती होतं, हे त्यांच्या वह्यांत होतं. आणि त्या वह्यांप्रमाणे लाटांना तोंड देणाऱ्या या उघड्या कातळांवर एवढं शेवाळ असायलाच नको होतं.

*

शेवाळ का नसायचं याचं उत्तर शोधण्यासाठी वीसेक वर्षं मागं आणि थोडं उत्तरेकडे जावं लागतं. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला पोर्ट एरिन या गावी १८९२ पासून एक सागरी प्रयोगशाळा होती. पुढे लिव्हरपूल विद्यापीठानं ती चालवली आणि २००६ साली बंद केली. तिथून जवळच पोर्ट सेंट मेरीचे सपाट, पसरट कातळ आहेत. १९४६ साली एन. एस. जोन्स या संशोधकानं त्या कातळांवर एक अत्यंत साधं आणि अत्यंत कष्टाचं काम हाती घेतलं. १० मीटर रुंदीचा एक पट्टा आखून घेतला आणि त्यातली प्रत्येक लिंपेट उपटून काढली. नवीन आली की तीही काढली.

लिंपेट म्हणजे शंकूच्या आकाराची कवचाची टोपी घालून खडकाला घट्ट चिकटलेली समुद्री गोगलगाय. ओहोटीला ती जागची हलत नाही, दगडाचाच उंचवटा वाटते. भरती आली की निघते आणि चरते. तिची जीभ म्हणजे किसणी असते. बारीक दातांच्या ओळीच्या ओळी, आणि त्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज भरलेलं. २०१५ साली इंग्लंडमध्ये या दातांची ताकद मोजली गेली, तेव्हा सजीवांनी घडवलेल्या आजवर मोजलेल्या पदार्थांत हा सर्वांत मजबूत ठरला. या जिभेनं ती खडकाचा पृष्ठभाग अक्षरशः खरवडते. चरून झालं की बहुतेकदा पुन्हा आपल्याच ठरलेल्या जागी येऊन बसते, आणि टोपीची कड त्या जागेच्या खाचेत अचूक बसते.

लिंपेट मोठं शेवाळ फारसं खात नाही. मोठ्या, चिवट झाडोऱ्याशी झटण्याची तिला गरजच पडत नाही. तिच्या खरवडण्यात जातात ती कालपरवा खडकावर बसलेली, डोळ्यांना न दिसणारी शेवाळाची कोवळी रोपं. माळरानावर शेळ्या फिरत असल्या की झाडं उगवतच नाहीत असं आपल्याला वाटतं. ती उगवत असतात, पण दोन पानांपुढे जात नाहीत. इथंही तसंच काहीसं चालतं. लिंपेट चरत असलेल्या कातळावर दर भरतीला हजारो बीजाणू येऊन बसतात आणि जवळजवळ सगळेच खरवडले जातात.

जोन्सच्या पट्ट्यात ही खरवड थांबली. काही महिन्यांत पट्टा हिरवा झाला, मग त्यावर फ्युकस आलं. फ्युकस हे युरोपच्या थंड किनाऱ्यांवरचं तपकिरी, चामड्यासारखं, फांद्यांना फाटे फुटत जाणारं शेवाळ. त्याच्या काही जातींत पानांवर हवेच्या फुग्यांच्या जोड्या असतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लिंपेट होत्या, आणि तिथला कातळ आधी होता तसाच उघडा. मधोमध गर्द शेवाळाचा १० मीटरचा पट्टा, कडा आखल्यासारख्या. लाटा तिथेही त्याच होत्या, ऊन तेच, पाणी तेच. फरक फक्त गोगलगायींचा होता. कातळ उघडा राहतो तो लाटांच्या माऱ्यामुळे, असं समजणाऱ्यांना यातून उत्तर मिळालं. लाटांचाही वाटा असतोच, पण तो बराचसा असा, की जिथे लाटा जोरात तिथे लिंपेटचं फावतं.

कॉर्नवॉलमध्ये १९६७ साली झालं ते याच प्रयोगाचं, पण कित्येक मैल लांबीचं आणि कुणीही न आखलेलं रूप. तेलानं लिंपेट सगळ्या मेल्या नव्हत्या. तेलानं माखलेल्या खडकांवरही काही जिवंत होत्या आणि चरता चरता तेलाचा थरही खरवडत होत्या. डिटर्जंट अगदी थोडं लागलं तरी त्यांची खडकावरची पकड सुटत असे. त्या गळून पडल्या आणि त्यांच्यामागं शेवाळाला रान मोकळं मिळालं.

*

उघडा झालेला खडक फार काळ उघडा राहत नाही. पहिल्या काही तासांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसायला लागतो, काही दिवसांत त्यात डायटम ही काचेसारखं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं येतात. ओल्या खडकावर पाय सरकतो तो बऱ्याचदा यांच्यामुळे. मग येतं उल्व्हा आणि त्याची नळीसारखी भावंडं, ज्यांना पूर्वी एन्टेरोमॉर्फा म्हणत. कोकणातल्या खडपांवर पातळ, पोपटी, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखं दिसणारं जे शेवाळ भेटतं ते याच कुळातलं. उल्व्हाचा सगळा डाव घाईवर चालतो. पान एक-दोन पेशींइतकं पातळ, त्यामुळे टिकाऊपणावर खर्च नाही. जवळजवळ प्रत्येक पेशी प्रजननाला लागू शकते. बीजाणूंना शेपटासारखे तंतू असतात, त्यांनी ते पोहतात, आणि वर्षाच्या बहुतेक महिन्यांत पाण्यात त्यांचा साठा असतोच. त्यामुळे मोकळी जागा कुठेही, कधीही झाली तरी उल्व्हा तिथे पहिलं हजर.

फ्युकसला अशी घाई जमत नाही. फांद्यांच्या फुगीर टोकांतून अंडी आणि शुक्राणू बाहेर पडतात, तेही समुद्र शांत असेल तेव्हा. खवळलेल्या पाण्यात ते सोडण्यात अर्थ नसतो, सगळं वाहून जाईल. फलन झालेली पेशी जड असते, बुडते, आणि काही तासांत खडकाला चिकटते. मग ती ठरवते कुठून ‘मूळ’ काढायचं. उजेड जिकडून येतो त्याच्या उलट, अंधाऱ्या बाजूनं तिला खडक धरणारा तंतू फुटतो. डोळा नाही, मेंदू नाही, एकच पेशी, आणि तिला वर-खाली कळतं ते एवढ्याशा खुणेनं. मातृवनस्पतीपासून ती सहसा काही मीटरच्या पलीकडे जात नाही. दूरवर पोचायचं तर वादळात तुटलेली, फुग्यांच्या आधारानं तरंगणारी अख्खी फांदीच जाऊन लागावी लागते.

जवळ राहण्याची हद्द पाहायची तर उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरचं पोस्टेल्सिया पाहावं. हातभर-दीड हात उंचीचं हे शेवाळ लाटा सर्वांत जोरात आपटतात तिथेच, ताठ उभं राहतं. दिसायला लहानसं ताडाचं झाड. शिंपल्यांच्या दाट वस्तीत लाटेनं खिंडार पाडलं की तिथे ते उगवतं, आणि एका वर्षात मरतं. त्याच्या पानांवर खोबणी असतात. ओहोटीला त्यांतून बीजाणू थेंबाथेंबानं खाली ठिबकतात आणि बहुतेक झाडाच्या बुडाशीच, दोन-तीन मीटरच्या आत बसतात. ज्या खिंडाराशेजारी पोस्टेल्सिया नाही ते खिंडार त्याला सहसा मिळतच नाही. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या टाटूश बेटावर अनेक वर्षं याचा पाठपुरावा केला. एखाद्या किनाऱ्यावरून ते एकदा समूळ गेलं तर परत कुठून येणार, हा प्रश्न म्हणूनच नुसता तात्त्विक राहत नाही.

*

साफ करणं म्हणजे किती साफ, यावरही बरंच अवलंबून असतं, आणि या मुद्द्यावर जुन्या अभ्यासांची आपापसांत तुलना करताना बराच घोळ होतो असं मला वाटतं. कुणी शेवाळ कात्रीनं कापतं. कुणी खरवडणीनं खरवडतं. कुणी तारेच्या ब्रशनं घासून त्यावर कॉस्टिक सोडा ओततं, तर कुणी ब्लोटॉर्चनं खडक भाजून काढतं. कागदावर सगळ्याला ‘साफ केलेला खडक’ हेच नाव. पण अनेक लाल शेवाळांची खडकावर पसरलेली चकती असते, आणि वरचा झुपका तोडला तरी ती चकती जिवंत राहून नवे कोंब काढते. आयर्लंडमध्ये कॅरेगीन म्हणून गोळा करून दुधात शिजवतात ते लाल शेवाळ असंच परत येतं. बोटांनी ओढून तोडलं तर चकती राहते, चाकूनं खरवडलं तर जाते. पहिल्या प्रकारात आपण बघतो ती फुटव्याची वाढ, दुसऱ्यात नव्यानं पेरणी. दोन्हींचा वेग सारखा असणं शक्य नाही.

शिवाय डोळ्यांना दिसत नाही ते शेवाळ नसतंच, असं नाही. याची सर्वांत नाट्यमय गोष्ट १९४९ सालची आहे. जपानी लोक ज्याची नोरी करतात ते पोर्फायरा शेवाळ उन्हाळ्यात कुठे जातं हे शतकानुशतकं कुणाला माहीत नव्हतं. ते हिवाळ्यात यायचं आणि नाहीसं व्हायचं, आणि शेतकऱ्याचं पीक नशिबावर. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी वेल्सच्या किनाऱ्यावरच्या पोर्फायराचा अभ्यास करताना दाखवलं, की शिंपल्यांच्या कवचात घुसून राहणारे गुलाबी तंतू, ज्यांना तोवर वेगळीच जात समजत होते, तेच पोर्फायराचं दुसरं रूप. जपानचा नोरीचा धंदा या शोधावर उभा राहिला. कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे नोरी पिकवणाऱ्यांनी १९६३ साली त्यांचं स्मारक उभारलं. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत.

पोर्फायराची एक जात आपल्याकडेही आहे, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. ती येते नेमकी पावसाळ्यात, कोकण आणि गोव्याच्या लाटा झेलणाऱ्या खडपांवर, जेव्हा बाकीची बरीच शेवाळं गायब असतात आणि शहाणी माणसं तिकडे फिरकत नाहीत. आपल्या किनाऱ्याला तेल किंवा ब्लोटॉर्चची गरज नाही. दरवर्षी पावसाळा येऊन बराचसा कातळ साफ करून जातो. उन्हाळ्यातच वरच्या खडपांवरचं उल्व्हा वाळून पांढुरकं पडलेलं असतं. मग जूनपासून लाटांचा मारा, हलणारी वाळू, गढूळ आणि गोडं झालेलं पाणी. आश्विन-कार्तिकात समुद्र निवळला की मालवण, रत्नागिरी, अंजुण्याच्या कातळांवर पुन्हा पालवी दिसू लागते. खालच्या अंगाला, उधाणाच्या ओहोटीतच उघडं पडतं तिथे, सरगॅसम हे फुग्यांचं तपकिरी शेवाळ हिवाळ्यात भरात येतं. त्याच्या बऱ्याच जातींत वरच्या लांब फांद्या झडल्या तरी खडकाला धरलेला बुडखा जिवंत असतो. म्हणून ते त्याच जागी, इतक्या झटकन पुन्हा वाढतं. उपटून नेलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. शेवाळ गोळा करणाऱ्यांना ‘कापा, उपटू नका’ असं का सांगतात त्याचं कारण हेच.

खडक कोणत्या महिन्यात मोकळा झाला हेही साधी बाब नव्हे. पोर्ट एरिनला एक लाटारोधक बांध होता. १८८४ सालच्या वादळात तो ढासळला आणि त्याचे काँक्रीटचे ठोकळे तसेच पाण्यात पडून राहिले. जोआना केन यांनी ते ठोकळे वापरले. वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे ठोकळे साफ करायचे आणि पाण्याखाली जाऊन बघत राहायचं. ज्या महिन्यात ठोकळा साफ झाला त्या महिन्यात ज्याचे बीजाणू पाण्यात, त्याची आधी चलती. पण दोन-तीन वर्षांत बहुतेक ठोकळ्यांवर लॅमिनेरिया हायपरबोरिया हे जाड देठाचं केल्प, म्हणजे मोठं तपकिरी शेवाळ, वरचढ झालं. सुरुवात निरनिराळी, शेवट बराचसा एक. असं नेहमीच होत असतं तर शास्त्रज्ञांचं काम सोपं झालं असतं.

*

पूर्वी अशी समजूत होती, की पहिले आलेले पुढच्यांसाठी जागा तयार करतात. उघड्या जमिनीवर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं, तसं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एलवुडच्या किनाऱ्यावर वेन सूसा या तरुण संशोधकानं सत्तरच्या दशकात ही समजूत तपासली. तिथे गोट्यांचा किनारा आहे. लाटा दगड उलथवतात आणि प्रत्येक उलथलेल्या दगडावर नवा कारभार सुरू होतो. सूसानं काँक्रीटचे ठोकळेही ठेवले. महिन्याभरात त्यांवर उल्व्हा. मग लाल शेवाळाच्या काही जाती. दोन-तीन वर्षांनी गिगार्टिना कॅनालिक्युलाटा या लाल शेवाळानं बहुतेक जागा व्यापली.

पण सूसानं जेव्हा उल्व्हा मुद्दाम काढून टाकलं, तेव्हा लाल शेवाळं लवकर आली. म्हणजे उल्व्हा वाट तयार करत नव्हतं, वाट अडवत होतं. ते आपण होऊन हटतही नाही. त्याला हटवतो एक खेकडा. तिथला पट्ट्यापट्ट्यांचा किनारी खेकडा, पॅकिग्रॅप्सस, त्याला लाल शेवाळापेक्षा उल्व्हा फार आवडतं. खेकडे जिथे चरू शकले तिथे बदल वेगानं झाला, जिथे त्यांना जाळीनं अडवलं तिथे उल्व्हा ठाण मांडून बसलं. किनाऱ्यावर जागेचा मालक बदलतो तो बहुतेकदा आधीचा मेला किंवा खाल्ला गेला म्हणून. सूसाचे मार्गदर्शक जोसेफ कॉनेल यांनी राल्फ स्लेटियर यांच्याबरोबर १९७७ साली या सगळ्या शक्यतांची जी मांडणी केली ती आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. खेकड्याचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसतं.

सगळ्याच शाकाहारी प्राण्यांची आवड एकाच दिशेची नसते. जेन लुबचेंको यांनी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या खडकांतल्या डबक्यांत लिटोरिना या गोगलगायी टाकून आणि काढून पाहिल्या. ही गोगलगाय मऊ हिरवं शेवाळ आधी खाते. ती नसली की डबकं हिरव्या शेवाळानं भरून जातं आणि बाकीच्या जाती दबतात, ती फार झाली की सगळंच संपतं, आणि मधल्या संख्येला डबक्यात सर्वांत जास्त जाती नांदतात. पण डबक्याबाहेर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकावर, तिची आवड ज्या हिरव्या शेवाळावर आहे ते मुळात दुबळं असतं. तिथे तिच्या चरण्यानं जाती वाढत नाहीत, घटतात. गोगलगाय तीच, फरक हातभर अंतराचा.

*

आता पुन्हा कॉर्नवॉल. १९६७ च्या उन्हाळ्यात हिरवं शेवाळ, वर्षभरात त्यातून डोकं काढणारं फ्युकस, आणि १९७० च्या आसपास कातळ पूर्ण झाकलेले. या फ्युकसच्या लांब फांद्या भरतीला खडकावर मागं-पुढं झाडत राहतात. त्यामुळे बार्नेकल या खडकाला कायमच्या चिकटणाऱ्या कवचधारी प्राण्यांच्या अळ्यांना टेकायला जागा उरत नाही, आणि जे तगले होते तेही फांद्यांखाली गुदमरून कमी होत गेले. याउलट लिंपेटच्या पिल्लांचं चांगलंच फावलं. शेवाळाखाली ओलावा, सावली, वर शत्रूची नजर नाही. एकाच वेळी, एकाच वयाच्या असंख्य लिंपेट त्या आडोशात वाढू लागल्या. फ्युकस ज्यांच्या गैरहजेरीमुळे आलं होतं त्यांनाच ते पोसत होतं.

फ्युकसचं एक झाड चार-पाच वर्षं जगतं. पहिली पिढी म्हातारी होऊन सुटू लागली तेव्हा खाली लिंपेटची फौज तयार होती. नवं रोप टिकेना. साधारण १९७१ ते १९७५ या काळात शेवाळ ओसरत गेलं आणि कातळ पूर्वी कधी नव्हते इतके उघडे पडले. मग लिंपेटवर उपासमार आली. एरवी आपली जागा न सोडणाऱ्या या गोगलगायी ठरलेल्या जागा सोडून खाण्याच्या शोधात कातळभर सरकू लागल्या, आणि मोठ्या संख्येनं मेल्या. त्या कमी झाल्यावर फ्युकसनं पुन्हा थोडं डोकं वर काढलं, पहिल्याइतकं नाही. असे हेलकावे लहान लहान होत गेले. साउथवर्ड पती-पत्नींनी आणि पुढे स्टीफन हॉकिन्स यांनी ही मोजणी सोडली नाही. डिटर्जंटचा जास्तीत जास्त मारा झालेल्या पोर्थलेव्हनसारख्या ठिकाणी सगळं पूर्ववत व्हायला १५ वर्षांच्या घरात वेळ लागला. इतरत्र दहाएक वर्षं.

आणि कॉर्नवॉलमधलंच गॉड्रेव्ही? तिथेही तेल लागलं होतं. पण तिथे सील राहतात म्हणून डिटर्जंट जवळजवळ वापरलंच गेलं नाही. दोन-तीन वर्षांत किनारा ठीक झाला. तीच तेलगळती, तोच समुद्र. एका ठिकाणी तीन वर्षं, दुसऱ्या ठिकाणी पंधरा.

डॉगव्हेल्क ही बार्नेकल खाणारी शिकारी गोगलगाय सर्वांत उशिरा परतणाऱ्यांपैकी. तिची पिल्लं पाण्यात वाहत येत नाहीत. खडकाला चिकटवलेल्या अंड्यांच्या कुप्यांतून लहानसा शंख घेऊनच बाहेर पडतात आणि चालत जातील तेवढंच त्यांचं जग. जिथून ती संपली तिथे शेजारून रांगत येईपर्यंत थांबणं भाग.

या सगळ्यापेक्षा संथ एक शेवाळ आहे, ॲस्कोफायलम. उत्तर अटलांटिकच्या शांत खाड्यांत ते दाट पसरतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या लोक ते विळ्यानं कापतात, मोळ्यांचा तराफा बांधून भरतीबरोबर ओढत नेतात. शेताला खत म्हणून, आता खतांच्या आणि पशुखाद्याच्या कारखान्यांसाठी. साधारण वर्षाला एक फुगा धरतं, म्हणून फुगे मोजून फांदीचं वय सांगता येतं. बुडखा ठेवून कापलं तर तीन-चार-पाच वर्षांत कापणीला येतं. पण आइल ऑफ मॅनवर जिथे ते बुडासकट काढलं गेलं तिथे बऱ्याच वर्षांनंतरही पूर्वीचं रान परत आलेलं नव्हतं. जागा रिकामी नव्हती. फ्युकसनं ती केव्हाच घेतली होती. ॲस्कोफायलमची रोपं उगवतात पण वर्षानुवर्षं इंचभरही होत नाहीत, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना खातं किंवा झाकतं. एकदा बसलं की ते दशकानुदशकं हटत नाही, म्हणून पुन्हा बसण्याची त्याला कधी घाईच नसावी, असा माझा तर्क.

*

एवढं सगळं छापून आल्यावर पुढच्या वेळी शहाणपण येईल असं वाटतं. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हा टँकर ब्लाय रीफवर चढला, आणि सुमारे ४ कोटी १० लाख लिटर तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये गेलं. या वेळी डिटर्जंटचा तसा मारा झाला नाही. त्याऐवजी खडक गरम पाण्यानं धुतले, सुमारे ६० अंश तापमानाच्या, प्रचंड दाबाच्या फवाऱ्यांनी. टीव्हीवर ते छान दिसायचं. तेलातून वाचलेलं फ्युकस, बार्नेकल, शिंपले त्या पाण्यात शिजून निघाले किंवा सुटून वाहून गेले.

फ्युकस परत आलंच. पण सगळं एकदम आलं, त्यामुळे सगळं एका वयाचं. निरोगी किनाऱ्यावर म्हातारी, तरुण, कोवळी झाडं शेजारी शेजारी असतात; एक गेलं तर दुसरं असतं. इथे नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ती अख्खी पिढी एकदमच म्हातारी झाली आणि बऱ्याच ठिकाणी शेवाळ कोसळलं. १९९१-९२ साली पाहणी संपवली असती तर ‘किनारा पूर्ण सावरला’ असा शेरा मारून सगळे घरी गेले असते. भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या भागात तर फ्युकस त्याहून उशिरा आलं. तिथे मोठ्या झाडांची ओली सावली नसेल तर कोवळं रोप एका उन्हाच्या ओहोटीत वाळून जातं, आणि मोठी झाडं तर धुऊन गेलेली.

काही जागा मुद्दाम न धुता सोडल्या होत्या. नाइट बेटावरच्या स्नग हार्बरमध्ये अशाच जागी एक मोठा दगड आहे, लहान मोटारीएवढा. अमेरिकेच्या सागर व वातावरण विभागातले ॲलन मर्न्स १९९० पासून दर उन्हाळ्यात त्याचा फोटो काढू लागले, म्हणून त्याला मर्न्स रॉक असंच नाव पडलं. एका फोटोत दगड फ्युकसनं झाकलेला, काही वर्षांनी जवळजवळ बोडका, मग शिंपले आणि बार्नेकल, मग पुन्हा फ्युकस. तेलाशी संबंध नसलेल्या कातळांवरही असे चढउतार होतच असतात. तेव्हा ‘पूर्ववत’ म्हणजे नेमकं कोणत्या वर्षासारखं, हा पेच अलास्कात उभा राहिला, आणि त्यावर तिथल्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी शेवाळ किती आहे हे बघणं दुय्यम मानलं. तेल न लागलेल्या खडकांवर ज्या वर्षी फ्युकस वाढतं त्याच वर्षी तेल लागलेल्या, धुतलेल्या खडकांवरही वाढतं का, आणि तिथे घटतं तेव्हा इथेही घटतं का, हे ते मोजू लागले. दोन आलेख समांतर चालू लागले की तो किनारा बरा झाला असं धरायचं, मग त्या वर्षी खडक हिरवा असो की बोडका.